शरीरशिक्षणाचे व्रती स्वामी कुवलयानंद

थोर पुरुषांची चरित्रे आपण वाचतो ती बहुधा त्यांच्या ग्रंथांकरिता, त्यांच्या पराक्रमाकरिता किंवा त्यांच्या देशसेवेकरिता. परंतु ज्या शरीराच्या आधारावर ग्रंथ लिहिले जातात, पराक्रम गाजविले जातात आणि देशाची सेवा घडते, त्या शरीराच्याच विद्येसाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, अशा पुरुषांची ओळख शाळकरी मुलांस क्वचितच करून दिली जाते. अशांपैकी एका पुरुषाचा आमच्या सांताक्रूझशी प्रत्यक्ष संबंध आलेला आहे. इ. स. १९३२ च्या ऑक्टोबर महिन्यात कराचीहून टपाल घेऊन निघालेले जे. आर. डी. टाटा यांचे लहानसे विमान जुहूच्या मैदानावर उतरले, ही गोष्ट आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. त्याच वर्षी सांताक्रूझ येथे लोणावळ्याच्या कैवल्यधाम या संस्थेची मुंबईची शाखा उघडली गेली, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांस ठाऊक असेल. ती शाखा उघडणारे गृहस्थ म्हणजे स्वामी कुवलयानंद होत. त्यांचे चरित्र, आणि त्या अनुषंगाने आमच्या मुलामुलींच्या हाडांच्या बळकटीचा विचार, असा या लेखाचा विषय योजिला आहे.

स्वामींचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई या गावी एका मराठी कुटुंबात झाला. वडील गणेश लक्ष्मण गुणे हे शिक्षक होते. मातोश्रींचे नाव सरस्वतीबाई. घरची स्थिती इतकी बेताची होती की, काही काळ या कुटुंबास परक्यांच्या साहाय्यावर निर्वाह करावा लागला. ज्या मुलास बुद्धीखेरीज दुसरे भांडवल नाही, तो पुस्तकांत बुडून जावा आणि शरीराकडे त्याचे दुर्लक्ष व्हावे, हे अगदी स्वाभाविक आहे. जगन्नाथाने अभ्यासात तर कसूर केली नाहीच. १९०३ साली तो मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि संस्कृत विषयाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने पटकाविली. ही शिष्यवृत्ती म्हणजे केवढा मान, हे आमच्या विद्यार्थ्यांनी आपल्या आजोबांस विचारून पाहावे.

पुढील शिक्षणाकरिता गुणे बडोदे कॉलेजात दाखल झाले. ते बडोदे सयाजीराव महाराजांचे. तेथे ग्रंथालये होती, तशाच तालमीही होत्या. अरविंद घोष त्या सुमारास त्याच कॉलेजात अध्यापन करीत होते, आणि लोकमान्य टिळकांच्या राष्ट्रीय चळवळीचे वारे तरुण मनांत संचारू लागले होते. या दोघांच्या विचारांचा गुण्यांच्या मनावर खोल ठसा उमटला व आपले सारे आयुष्य लोकसेवेस वाहावयाचे, असा निश्चय करून त्यांनी आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत घेतले.

लोकमान्यांच्या चरित्रातील एक प्रसिद्ध गोष्ट येथे सहजच आठवते. १८७३ साली डेक्कन कॉलेजात प्रवेश केल्यावर आपली प्रकृती अशक्त आहे असे पाहून त्यांनी पहिले वर्ष व्यायाम, पोहणे यांतच खर्ची घातले, व त्या वर्षाची परीक्षा ते नापास झाले. तेव्हा त्यांचे वय सोळा-सतरा वर्षांचे होते. विद्यार्थ्यांनी या गोष्टीतून नापास होण्याचा धडा घेऊ नये, हे सांगणे नलगे. परंतु ज्या पुरुषाच्या वाट्यास पुढे मंडालेचा सहा वर्षांचा कारावास यावयाचा होता, त्याने शरीराची ठेव कोणत्या वयात जमविली, हे मात्र नीट ध्यानात धरावे. कारण वयाचा हा मुद्दाच या लेखाचा गाभा आहे.

इ. स. १९०७ पासून १९१० पर्यंत गुणे यांनी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली देशी व्यायामाचे शिक्षण घेतले. जुम्मादादा हे मुसलमान वस्ताद आणि त्यांची परंपरा पुढे चालविणारे माणिकराव हे हिंदू. आखाड्याच्या तांबड्या मातीत असला भेदाभेद कोणी जाणीत नसे. दंड, बैठका, मल्लखांब, लाठी, कुस्ती हे या देशी व्यायामाचे मुख्य प्रकार होत. एकट्यादुकट्या पहिलवानाचे कौतुक न करता पुष्कळ मुलांनी मिळून, एका तालावर, शिस्तीने व्यायाम करावा, हा जो संघव्यायामाचा विचार, तो गुण्यांच्या मनात पक्का रुजला आणि जन्मभर त्यांनी त्याचा पुरस्कार केला. १९१० साली ते पदवीधर झाले. परंतु कॉलेजाच्या पदवीइतकेच मोल त्यांनी तालमीच्या विद्येस दिले.

आता तालमीत शरीराचे नेमके काय होते, हे पाहण्यासाठी थोडे विषयांतर करणे अवश्य आहे. दंड फुगतात, छाती भरते, हे कोणासही दिसते. परंतु त्या स्नायूंच्या आत जी हाडे आहेत त्यांचे काय होते, ते डोळ्यांस दिसत नाही. हाड म्हणजे दगडासारखा निर्जीव पदार्थ, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. कोलॅजन नावाच्या तंतूंच्या विणीत कॅल्शियम व फॉस्फरस यांचे क्षार बसून हाड तयार होते. तंतूंमुळे त्यास चिवटपणा येतो व क्षारांमुळे कठीणपणा. हे काम एकदा होऊन संपले असेही नाही. जुने हाड झिजविणाऱ्या आणि नवे हाड बांधणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी जन्मभर आपापला उद्योग करीत असतात. तिसऱ्या प्रकारच्या पेशी हाडाच्या आतच दडून बसलेल्या असून हाडावर कोठे किती ताण पडला, याची त्या पहारेकऱ्याप्रमाणे नोंद घेतात. जेथे वारंवार जोराचा ताण पडतो तेथे बांधकाम वाढते. जेथे ताणच पडत नाही तेथे साहित्य काढून घेतले जाते. बर्लिनचे शस्त्रवैद्य ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ साली आपल्या ग्रंथात हा नियम मांडला, व तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

या नियमाची दोन ठळक उदाहरणे सांगता येतील. टेनिस खेळणाऱ्यांचा ज्या हातात रॅकेट असते त्या हाताचे हाड दुसऱ्या हाताच्या हाडापेक्षा अधिक भरीव असते. एकाच मनुष्याचे दोन हात, अन्न एक, रक्त एक, परंतु श्रमाप्रमाणे हाड वेगळे. याच्या उलट, अंतराळात राहणाऱ्या यात्रिकांस आपल्या शरीराचा भार जाणवत नाही. त्यामुळे त्यांच्या कंबरेच्या हाडातील खनिज द्रव्य दरमहा सुमारे एक टक्का किंवा त्याहूनही थोडे अधिक घटते, असे आढळून आले आहे. हाडास भार हवा, हे यावरून स्पष्ट होते. असो.

पदवी घेतल्यानंतर गुणे यांनी पैशाच्या मागे न लागता शिक्षकाचा पेशा पत्करला. खानदेशातील अमळनेर येथे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या कामात त्यांनी स्वतःस वाहून घेतले. ज्या अमळनेरात पुढे साने गुरुजींनी मुलांस शिकविले, तेच हे गाव. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. परंतु संस्थेतील राष्ट्रीय वृत्ती सरकारास रुचली नाही व १९२० साली ते महाविद्यालय बंद झाले. १९१६ पासून १९२३ पर्यंतच्या काळात त्यांनी हायस्कुलातील व महाविद्यालयातील विद्यार्थ्यांस भारतीय संस्कृतीचे पाठ दिले. त्यांनी स्वतः तालमीची विद्या घेतली ती वयाच्या चोविसाव्या वर्षी. परंतु त्यांचे आयुष्य गेले ते शाळकरी वयाच्या मुलांच्या सहवासात व त्यांच्या शारीरिक शिक्षणाच्या चिंतेत. शरीर घडविण्याचे खरे वय कोणते, याचा उलगडा आज शास्त्राने अधिक स्पष्टपणे केला आहे, तो पुढे येईल.

इ. स. १९१९ मध्ये नर्मदाकाठी मालसर येथे राहणारे बंगाली योगी परमहंस माधवदास यांची व गुणे यांची भेट झाली, आणि त्यांच्या आयुष्यास निराळे वळण लागले. माधवदासांचे वय तेव्हा पुष्कळ झाले होते. त्यांच्यापाशी योगविद्या शिकताना गुणे यांस शरीरावर व मनावर होणारे विलक्षण परिणाम अनुभवास आले. दुसरा कोणी असता तर गुरूची थोरवी गात बसला असता. गुणे यांनी तसे केले नाही. जे अनुभवास येते ते खरे आहे काय, व खरे असल्यास त्याचे कारण कोणते, असा प्रश्न त्यांनी स्वतःस घातला. १९२०-२१ साली बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत, आपल्याच काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने, उड्डियानबंध व नौली या क्रियांच्या वेळी शरीराच्या आत काय घडते, याची त्यांनी क्ष-किरणांच्या व दाबमापक यंत्रांच्या मदतीने पाहणी केली. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून कमी होतो, असे त्यांस आढळले. आणि या स्थितीस त्यांनी आपल्या गुरूंच्या नावावरून माधव निर्वात असे नाव दिले. गुरूविषयीची भक्ती आणि यंत्राने केलेली परीक्षा या दोन गोष्टी एकाच मनुष्याच्या ठायी नांदू शकतात, याचे हे सुंदर उदाहरण होय.

१९२४ च्या ऑक्टोबर महिन्यात त्यांनी लोणावळे येथे कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली व त्याच वर्षी योगमीमांसा नावाचे त्रैमासिक सुरू केले. त्यात प्रयोगांची टिपणे, आकडे व चित्रे प्रसिद्ध होत असत. ज्या काळी योग म्हणजे गुहेतील गूढ प्रकार किंवा जत्रेतील चमत्कार अशी सर्वसाधारण समजूत होती, त्या काळी मोजल्यावाचून काही मानावयाचे नाही, असा बाणा धरणे सोपे नव्हते. एका बाजूस जुन्या मताचे लोक यंत्रांचे नाव काढताच नाके मुरडीत. दुसऱ्या बाजूस नव्या शिक्षणाचे लोक योगाचे नाव काढताच हसत. स्वामींनी दोघांसही प्रयोगशाळेचा दरवाजा मोकळा ठेविला. १९२७ साली महात्मा गांधी आजारी पडले असता त्यांनी पत्रे लिहून स्वामींचा सल्ला घेतला होता.

लोणावळे हे थंड हवेचे ठिकाण खरे, परंतु आजारी व कामकरी लोक मुंबईत. म्हणून १९३२ साली सांताक्रूझ येथे कैवल्यधामाची शाखा निघाली. चार वर्षांनी, १९३६ साली, ती चौपाटीवर गेली व ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र या नावाने नावारूपास आली. सांताक्रूझचा या विद्येशी संबंध मात्र तुटला नाही. माधवदासांचेच दुसरे शिष्य, मुंबईच्या सेंट झेविअर्स कॉलेजचे एके काळचे विद्यार्थी श्री योगेंद्र, यांनी १९१८ साली वर्सोव्यास स्थापिलेली योग संस्था १९४८ पासून सांताक्रूझच्या पूर्व भागात आहे. एकाच वृद्ध योग्याच्या दोन शिष्यांचा आमच्या या उपनगराशी संबंध यावा, ही आम्हांस अभिमानाचीच गोष्ट होय.

स्वामींच्या कार्याचा जो भाग आमच्या वाचकांस सर्वांत जवळचा, तो म्हणजे शाळांतील शारीरिक शिक्षण. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणविषयक समित्यांवर त्यांनी काम केले. बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आल्यानंतर १९३८ साली कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांकरिता सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. म्हणजे हेही कार्य आमच्याच उपनगरांच्या परिसरात सुरू झाले. शाळेतील मोठ्या वर्गास एकत्र करता येईल अशी यौगिक संघव्यायामाची पद्धती स्वामींनी तयार केली. त्यांचे म्हणणे असे की, आसने व प्राणायाम यांनी पाठीचा कणा, श्वास व चित्त यांस वळण लागते, तर दंड, बैठका, धावणे व खेळ यांनी स्नायूंस जोर येतो. वाढत्या मुलास दोन्ही हवीत. माणिकरावांचा शिष्य माधवदासांपाशी गेल्यावर माणिकरावांस विसरला नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

स्वामींनी आतडी व श्वासपटल यांची परीक्षा केली. हाडांतील खनिज द्रव्य मोजण्याचे आजचे साधन त्यांच्या काळी तयार झाले नव्हते. परंतु मोजून पाहावे, हा जो त्यांचा मार्ग, त्याच मार्गाने पुढील शास्त्रज्ञांनी हाडांचे कोडे सोडविले आहे. मंद क्ष-किरणांच्या साहाय्याने हाडातील खनिज द्रव्य मोजणारी यंत्रे निघाली, आणि कॅनडाच्या सास्कॅचेवान प्रांतात मुलामुलींची सहा वर्षे पुनःपुन्हा मोजमापे घेण्यात आली. १९९९ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष प्रत्येक आईबापांनी वाचावे असे आहेत. हाडांत खनिज भरण्याचा वेग मुलींमध्ये सुमारे साडेबाराव्या व मुलांमध्ये सुमारे चौदाव्या वर्षी सर्वांत अधिक असतो. आणि या वयाच्या आगेमागे मिळून जी दोन वर्षे येतात, त्या दोन वर्षांतच प्रौढ मनुष्याच्या एकूण हाडांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा भरला जातो. त्यातही जी मुले धावण्याखेळण्यात पुढे होती त्यांच्या हाडांत, बैठ्या मुलांच्या तुलनेने, मुलांमध्ये सुमारे ९ टक्के व मुलींमध्ये सुमारे १७ टक्के खनिज अधिक आढळले. विशीच्या उंबरठ्यापर्यंत हाडांची बहुतेक सारी ठेव जमा होऊन जाते. पुढे ती राखावयाची असते, आणि उतारवयात ती हळूहळू खर्च होत जाते. साठीनंतर घसरून पडल्यावर ज्या आजीच्या कंबरेचे हाड मोडते, त्या आजीच्या हाडाचा हिशेब पुष्कळ अंशी तिच्या बाराव्या-तेराव्या वर्षी लिहिला गेलेला असतो.

या वयात आणखी एक धोका असतो, तोही सांगितला पाहिजे. मुले भराभर उंच होतात तेव्हा हाडे आधी लांब होतात व त्यांत खनिज मागाहून भरते. त्यामुळे काही महिने ती तुलनेने कच्ची राहतात, आणि हाताचे हाड मोडण्याचे प्रकार याच वयात विशेष आढळतात. यावर मुलास घरी बसवून ठेवणे हा उपाय नव्हे. तो रोगाहून वाईट होय. क्रमाक्रमाने, नियमाने व देखरेखीखाली श्रम वाढविणे हाच उपाय; आणि तालमीतील जुने वस्ताद तेच करीत असत.

कोणता व्यायाम हाडांस विशेष मानवतो, याचेही उत्तर मिळाले आहे. उडी मारणे, धावणे, एकदम दिशा बदलणे, वजन उचलणे, अशा ज्या हालचालींत हाडावर जोराचा व निरनिराळ्या बाजूंनी ताण पडतो, त्या सर्वांत उत्तम. पोहणे व सायकल चालविणे हे हृदयास व फुप्फुसांस फार हितकर आहेत, परंतु त्यांत शरीराचा भार पाण्यावर किंवा सायकलीवर पडत असल्याने हाडांस त्यांचा लाभ कमी होतो. आसनांविषयीही आम्ही स्वामींच्याच वृत्तीस स्मरून सांगतो की, ती मनःशांतीस, सांध्यांच्या लवचिकपणास व तोल सांभाळण्यास चांगली. परंतु वाढत्या हाडांस उड्यांची व धावण्याची जागा एकट्या आसनांनी भरून निघते, असे मानण्यास आधार नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या काही शाळांत, घंटा झाली म्हणजे मुलांनी दहा उड्या माराव्या, असे दिवसातून तीन वेळा करविण्यात आले. सारे मिळून दिवसाकाठी तीन-चार मिनिटांचे काम. परंतु आठ महिन्यांनी मोजून पाहता त्या मुलांच्या मांडीच्या हाडाच्या वरच्या भागात इतर मुलांपेक्षा अधिक वाढ दिसून आली. हाड हे लवकर तृप्त होणारे आहे. त्यास थोडे पण वारंवार द्यावे, तासन्‌तास एकदम देऊन उपयोग नाही.

आता आमच्या सांताक्रूझच्या मुलांकडे पाहू. लंगडी, खोखो, कबड्डी, लगोरी, दोरीवरच्या उड्या हे आमचे जुने खेळ शास्त्राच्या या कसोटीस तंतोतंत उतरतात. लंगडीत एका पायावर साऱ्या देहाचा भार उडी उडीला पडतो. खोखोत क्षणोक्षणी दिशा बदलते. या खेळांस पैसा लागत नाही, हत्यारे लागत नाहीत, फार मोठे मैदानही लागत नाही. वाकोल्याच्या चाळीपुढील अंगणात किंवा जुहूकडील इमारतीच्या आवारात ते खेळता येतात, आणि आमच्या दाराशी तर समुद्रकाठची वाळू आहे. तरीही ही मुले दिवसभर करतात काय? सकाळी रिक्षात बसून शाळेत येतात, पाच-सहा तास बाकावर बसतात, पुन्हा बसून घरी जातात, मग शिकवणीस जाऊन बसतात, आणि रात्री भ्रमणध्वनीच्या पडद्यापुढे बसतात. नुसत्या बसण्याने हाडांची किती हानी होते, याविषयी संशोधकांची मोजमापे एकसारखी नाहीत, हे आम्ही प्रांजळपणे नमूद करतो. धावण्याचा लाभ जितका निश्चित, तितका बसण्याचा तोटा निश्चित झालेला नाही. परंतु दिवसाचे तास चोवीसच आहेत. जो तास पडद्यापुढे गेला तो मैदानावर गेला नाही, हा हिशेब समजण्यास यंत्र नको. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली असे सुचविले आहे की, पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी एक तास दम लागेल असा व्यायाम करावा, आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे खेळ खेळावे, आणि बसण्याचा वेळ, विशेषतः पडद्यापुढील वेळ, आटोक्यात ठेवावा.

मुलींच्या बाबतीत तर आम्हांस फार काळजी वाटते. मुलगी अकरा-बारा वर्षांची झाली की, आता मोठी झालीस, उड्या काय मारतेस, असे म्हणून तिला खेळातून काढून घेण्याची चाल पुष्कळ घरांत अजून आहे. वर दिलेले आकडे पाहिले असता असे दिसेल की, ज्या वर्षी तिच्या हाडांस खेळाची सर्वांत अधिक गरज, नेमक्या त्याच वर्षी आपण तिला घरात बसवितो. मोजमापांत मुलांपेक्षा मुलींचाच लाभ अधिक दिसला. आणि उतारवयात ठिसूळ हाडांचे दुःख स्त्रियांच्याच वाट्यास अधिक येते. आईने मुलीच्या लग्नाकरिता सोने जमवावे, आणि जे सोने तिच्या अंगातच जमावयाचे आहे त्याची वाट अडवावी, हे शहाणपण नव्हे.

श्रमाबरोबर आहारही हवा, कारण गवंडी कितीही कुशल असला तरी विटांवाचून भिंत उभी राहत नाही. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलास दररोज सुमारे १००० मिलिग्राम कॅल्शियम मिळावे, असे आपल्या देशातील आहारशास्त्रज्ञांचे मत आहे. दूध व दही हे त्याचे सर्वांस ठाऊक असलेले मार्ग. परंतु गरिबाघरची नाचणीही कमी नाही. शंभर ग्राम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्राम कॅल्शियम असते. तीळ, पालेभाज्या आणि काट्यांसकट खाता येणारी लहान मासळी याही उपयुक्त आहेत. हे कॅल्शियम शरीरात शोषले जाण्यास ड जीवनसत्त्व लागते व ते कातडीवर ऊन पडल्याने तयार होते. म्हणजे मैदानावर गेलेल्या मुलास उडी आणि ऊन या दोन्हींचा लाभ एकदम घडतो. ज्या मुलास वरचेवर हाड मोडण्याचा किंवा हाडे दुखण्याचा त्रास असेल, त्यास मात्र आधी डॉक्टरांस दाखवावे व मग व्यायामास लावावे.

स्वामींच्या पुढील आयुष्याची हकीकत थोडक्यात सांगून लेख आटोपता घेतो. १९५१ साली त्यांनी लोणावळे येथे गोवर्धनदास सेक्सरिया यांच्या नावाने योगाचे महाविद्यालय काढले, व १९६१ साली तेथेच यौगिक उपचारांचे रुग्णालय सुरू केले. मोठमोठे पुढारी त्यांच्या आश्रमास भेट देत. परंतु त्यांची राहणी अखेरपर्यंत साधीच राहिली. घर नाही, संसार नाही, द्रव्यसंचय नाही. संस्था, विद्यार्थी व प्रयोग हाच त्यांचा प्रपंच. १८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. ज्या मुलाच्या घरी एके काळी परक्यांच्या मदतीवर चूल पेटत होती, त्याने आपल्या मागे हजारोंस आरोग्याची वाट दाखविणारी संस्था ठेविली.

स्वामींचा मार्ग योगाचा होता. आमच्या शाळेत मुले निरनिराळ्या धर्मांची आहेत. परंतु शरीर हे ईश्वराने विश्वासाने आपल्या हाती सोपविलेले धन आहे, याविषयी कोणत्याही धर्मात दुमत नाही. शुभवर्तमानातील दृष्टांतात धन्याने दिलेले द्रव्य ज्या चाकराने भिऊन जमिनीत पुरून ठेविले, त्याची काय गत झाली, हे आमच्या मुलांनी धर्मशिक्षणाच्या तासास ऐकले आहे. बारा ते सोळा ही वर्षे म्हणजे असेच एकदा हाती आलेले द्रव्य होय. ते बाकावर व पडद्यापुढे पुरून ठेवावयाचे, की मैदानावर नेऊन वाढवावयाचे, हे मुलांच्या हाती जितके आहे तितकेच आईबापांच्याही हाती आहे. तेव्हा पालकांस आमची नम्र विनंती अशी की, मुलाच्या प्रगतिपुस्तकावर सही करताना गणिताचे गुण जसे पाहता, तसेच आज तो किती वेळ धावला, हेही त्यास विचारीत जावे. आणि मुलामुलींनो, मधल्या सुटीची घंटा झाली म्हणजे डबा आटोपून सरळ मैदानावर या.